चित्राला शब्दांची जोड

१६५८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात मुलांसाठी एक पुस्तक छापून झालं. 'ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस' हे त्याचं लॅटिन नाव. पुढे ते 'ऑर्बिस पिक्टस' म्हणूनच ओळखलं गेलं. लेखक होते यान आमोस कोमेनियस, मोराव्हियात म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेले धर्मोपदेशक आणि शिक्षक. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धानं त्यांना देशोधडीला लावलं होतं. १६५६ साली पोलंडमधल्या लेश्नो शहराला लागलेल्या आगीत त्यांची कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळून गेली. अशा माणसानं मुलांच्या हाती काय दिलं, तर दीडशे छोटे पाठ आणि पाठागणिक एक चित्र.

त्या काळी युरोपातल्या शाळांत विद्या म्हणजे लॅटिन आणि लॅटिन म्हणजे घोकंपट्टी. मुलाला शब्द पाठ असायचा, पण तो शब्द ज्या वस्तूचा, ती वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे नसायची. वस्तू आणि शब्द बरोबरीनंच शिकायला हवेत, असा कोमेनियस यांचा आग्रह होता.

पुस्तकातला पाव भाजणाऱ्याचा पाठ बघा. चित्रात एक माणूस पीठ चाळतो आहे, कणीक मळायची काथवट आहे, तयार पाव मांडलेले आहेत, मागे भट्टी पेटली आहे. चाळणीवर एक आकडा, काथवटीवर दुसरा, भट्टीच्या तोंडावर आणखी एक. खालच्या मजकुरात तीच कृती क्रमानं सांगितली आहे आणि प्रत्येक वस्तूच्या नावापुढे चित्रातला तोच आकडा आहे. मजकूर एका स्तंभात लॅटिनमध्ये, शेजारच्या स्तंभात जर्मनमध्ये. मूल आकड्याचं बोट धरून चित्रातून शब्दाकडे आणि शब्दातून पुन्हा चित्राकडे जा-ये करतं. पावाचं वरचं कडक कवच आणि आतला मऊ भाग यांनाही वेगळे आकडे आहेत. चित्र पाठाची शोभा वाढवायला घातलेलं नाही. त्यातल्या रेघेरेघेला शब्दांत उत्तर आहे. पुस्तकाच्या सुरुवातीची अक्षरओळखही अशीच आहे. कावळ्याच्या चित्रापुढे 'आ', बें बें करणाऱ्या कोकराच्या चित्रापुढे 'ब'. आपल्या अंकलिपीतलं कमळ 'क' हे अक्षर आठवून देतं ते नावातल्या पहिल्या अक्षरामुळे. कोमेनियस यांनी तेच काम प्राण्याच्या आवाजावर सोपवलं होतं.

पुढच्याच वर्षी या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि मग अनेक भाषांत, अनेक पिढ्या ते चालत राहिलं. कोमेनियस यांना अनुभवानं जे उमगलं होतं, ते का खरं ठरतं हे तपासायला मानसशास्त्राला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

डोक्यातल्या दोन वाटा

चित्रं लक्षात ठेवण्याची माणसाची ताकद थक्क करणारी आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ लायनेल स्टँडिंग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना काही दिवसांत मिळून १०,००० चित्रं दाखवली, प्रत्येक चित्र जेमतेम काही सेकंद. नंतर एक पाहिलेलं आणि एक नवं अशी जोडी पुढे ठेवून 'यातलं आधी कोणतं पाहिलं होतं?' असं विचारलं. सुमारे ८३ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं.

याच सुमारास कॅनडातच ॲलन पैव्हिओ यांनी एक सिद्धांत मांडला. १९७१ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की, मन माहिती दोन रूपांत साठवतं: एक शब्दांच्या आणि दुसरं प्रतिमांच्या. दोन्ही रूपं एकमेकांशी जोडलेली असतात. 'आंबा' हा शब्द ऐकला की त्याचा रंग, आकार मनात उभा राहतो, म्हणजे त्याची नोंद दोन ठिकाणी होते. 'न्याय' या शब्दाला अशी तयार प्रतिमा नसते, त्यामुळे तो बहुतेक एकट्या शब्दाच्या वाटेनंच आत जातो. एक वाट बुजली तरी दुसरीनं वस्तूपर्यंत पोचता येतं, म्हणून मूर्त वस्तूंचे शब्द अमूर्त शब्दांपेक्षा सहज आठवतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट १९७४ साली ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी पुढे आणली. आपण विचार करत असतो तेव्हा त्या क्षणी लागणारी माहिती एका तात्पुरत्या स्मृतीत असते. ही जागा फार लहान, स्वयंपाकघरातल्या अरुंद ओट्यासारखी: चार वस्तू मांडल्या की पाचवीला जागा उरत नाही. पण या जागेचे दोन भाग आहेत. एक ऐकलेले, उच्चारलेले शब्द सांभाळतो. दुसरा दिसलेल्या गोष्टी आणि त्यांची मांडणी सांभाळतो. सगळा भार एकाच भागावर टाकला तर तो लगेच भरतो. दोघांत वाटून दिला तर एरवी न मावणारी गोष्टही मावते. चित्र आणि शब्द एकत्र आले की शिकणं सोपं होतं, त्याचं मूळ इथे आहे.

सायकलचा पंप

पण कोणतंही चित्र कुठेही लावलं की झालं, असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रिचर्ड मेयर यांनी हे वर्षानुवर्षं तपासलं. त्यांचा एक आवडता विषय म्हणजे सायकलचा साधा हातपंप.

पंपाचं काम शब्दांत असं सांगता येईल: मूठ वर ओढली की नळकांड्यातला दट्ट्या वर सरकतो, हवा आत घेणारी झडप उघडते, बाहेर सोडणारी मिटते आणि नळकांड्यात हवा शिरते. मूठ खाली दाबली की आत घेणारी झडप मिटते, बाहेर सोडणारी उघडते आणि हवा रबरी नळीतून ट्यूबमध्ये जाते. वाक्यं सोपी आहेत. तरीही ज्यानं पंप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्या डोळ्यांपुढे दोन झडपांची ही उघडझाप उभी राहत नाही.

मेयर आणि जोन गॅलिनी यांनी १९९० साली पंप, गाडीचे ब्रेक अशा यंत्रांवर प्रयोग केले. काही विद्यार्थ्यांना नुसता मजकूर दिला. काहींना भागांची नावं लिहिलेलं एकच चित्र दिलं. काहींना मूठ वर असतानाचं आणि मूठ खाली असतानाचं अशी टप्प्यांची चित्रं दिली, पण त्यांत भागांची नावं नव्हती. काहींना मात्र टप्पेही दाखवले आणि प्रत्येक टप्प्यात कोणता भाग काय करतो हेही तिथेच लिहून दिलं. ज्यांना विषयाची आधीपासून फारशी माहिती नव्हती, त्यांना या शेवटच्या प्रकाराचा सर्वांत जास्त फायदा झाला, आणि तोही पाठ केलेलं उतरवण्यात नव्हे, तर अडचण सोडवण्यात. मूठ कितीही वर-खाली केली तरी हवा येत नसेल, तर काय बिघडलं असेल? या प्रश्नाचं उत्तर द्यायला डोक्यात चालता पंप लागतो. नुसती नावं त्याचं उत्तर देत नाहीत आणि नुसतं चित्रही देत नाही. ज्यांना यंत्रांची जाण आधीपासून होती त्यांना चित्रांमुळे विशेष फरक पडला नाही, कारण त्यांच्या मनात चित्र आधीच तयार होतं. म्हणजे चित्राची गरज सर्वांत जास्त नवख्याला असते.

कामाची वाटणी

शब्दाला जमतं ते चित्राला जमत नाही आणि चित्राला जमतं ते शब्दाला अवघड जातं. आकार, जागा, दिशा, एक भाग दुसऱ्याला कुठे जोडलेला आहे, हे चित्र एका नजरेत दाखवतं. 'नाही', 'जर', 'म्हणून', 'उकळून गार केलेलं', 'जुलाब सुरू झाल्याबरोबर' हे चित्राच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्याला शब्दच हवेत.

घरगुती जलसंजीवनीचं उदाहरण घ्या. प्रमाण असं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आकडे शब्दांतच द्यायला हवेत, कारण मिठाचं प्रमाण वाढलं तर ते बाळाला अपायकारक ठरतं. पण 'सपाट चमचा' म्हणजे काय? चमच्यावरचा ढीग सुरीच्या पाठीनं सरकवून काठाशी सारखा करतानाचा हात दाखवला की वाद मिटतो. 'शीग न लावता भरलेला चमचा' असं कितीही समजावून सांगितलं तरी हातून शीग लागतेच. ही वाटणी जिथे नीट होते, तिथे घरातल्या माणसाला कृती चुकत नाही.

जागा आणि वेळ

काम वाटून झालं तरी चित्र आणि शब्द भेटायला हवेत. सिडनीत जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिलं की, आकृती एकीकडे आणि तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे असेल तर शिकणाऱ्याची शक्ती शोधाशोधीत खर्च होते. भूमितीची आकृती पानाच्या वर, पायऱ्या खाली. नजर वर जाते, कोन शोधते, खाली येते, तोवर मघाची पायरी निसटलेली असते. त्याच पायऱ्या ज्या कोनाशी संबंधित आहेत त्याच्या शेजारी लिहिल्या की तोच विद्यार्थी तेच गणित सहज समजून घेतो. हृदयाच्या आकृतीत १, २, ३ असे आकडे आणि त्यांची नावं पान उलटल्यावर, अशी मांडणी केली की मुलाच्या वाट्याला नेमकी हीच ये-जा येते. कोमेनियस यांच्या आकड्यांनी हा दुवा जोडला होता. आज छपाई सोपी झाली आहे, तेव्हा नाव थेट भागावरच लिहायला कुणाची हरकत असणार?

जागेइतकीच वेळही महत्त्वाची. मेयर आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९९१ साली पंपाचं चलच्चित्र आणि त्याचं निवेदन वापरून पाहिलं. निवेदन चित्राबरोबर ऐकलेल्यांना पंप समजला. निवेदन आधी आणि चित्र नंतर मिळालेल्यांना तितका समजला नाही. दोन्ही गटांनी पाहिलं-ऐकलं अगदी सारखंच होतं, फक्त एकत्र नव्हतं.

आपल्याकडे हे शास्त्र प्रयोगशाळेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. कलावंत एक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीनं त्या चित्रापुरती कथा गातो, सांगतो, आणि कथा पुढे सरकली की चित्र बदलतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी जे असतं, तेच त्याच्या कानांवर पडत असतं. आधी सगळी कथा आणि मग सगळी चित्रं, असा प्रकार तिथे नाही. ही परंपरा जपणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लोककला म्हणून हा सन्मान योग्यच, पण शिकवण्याची पद्धत म्हणूनही चित्रकथीकडे शिक्षकांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आज वर्गात, सभागृहात नेमकं उलटं चालतं. पडद्यावर आकृती, आकृतीखाली परिच्छेदभर मजकूर, आणि बोलणारा तोच मजकूर शब्दशः वाचून दाखवतो. आकृती बघायची की वाचायचं? डोळे एकच आहेत. मेयर यांच्या प्रयोगांत निवेदनासोबत तेच शब्द पडद्यावर दिल्यानं समज वाढली नाही, उलट घटली. आकृती समोर असेल तेव्हा तिच्याविषयी बोलावं; वाचायचा मजकूर नंतर हातात द्यावा.

सजावटीचा मोह

चित्रानं मुलांचं लक्ष वेधून घेतलं पाहिजे, असं आपण सहज म्हणतो. पण लक्ष कुठे वेधलं, हा प्रश्न राहतोच. शॅनन हार्प आणि मेयर यांनी १९९८ साली वीज कशी चमकते यावरच्या पाठात वीज पडल्याच्या थरारक गोष्टी आणि छायाचित्रं घातली. विद्यार्थ्यांना मजकूर रंजक वाटला, पण ढगात भार कसे वेगळे होतात आणि वीज जमिनीकडे कशी उतरते, हा मूळ क्रम त्यांना कमी आठवला आणि कमी समजला. रंजक तपशिलांनी समजुतीची जागा अडवली होती. पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात हसणारा सूर्य, प्रत्येक पानावर उड्या मारणारा ससा, पाठाशी संबंध नसलेली फुलंपानं, यांचं मोल याच हिशेबानं ठरवायला हवं. लहान मुलांचं पुस्तक देखणं असावं, यात शंकाच नाही. पण देखणेपणा आकृतीच्या रेषेत, रंगात, स्वच्छ मांडणीत आणता येतो. त्यासाठी आकृतीशेजारी दुसरं काही नाचवायची गरज नसते.

आकड्यांची चित्रं

आकडे चित्रांत मांडताना तर फसगत चटकन होते. १९२५ साली व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी सामान्य कामगारांना समाज आणि अर्थव्यवस्था समजावी म्हणून एक संग्रहालय सुरू केलं. तिथे घडलेली चित्रपद्धत पुढे 'आयसोटाइप' म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा मुख्य नियम एकच: संख्या दुप्पट झाली तर चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र दोनदा काढायचं. कारण साधं आहे. घरांची संख्या दुप्पट झाली म्हणून घराचं चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढलं, तर ते कागदावर चौपट जागा व्यापतं आणि बघणाऱ्याला वाढ चौपट वाटते. सारख्या आकाराची चिन्हं ओळीनं मांडली की मोजता येतात. शेजारी एक वाक्य हवं: एक चिन्ह म्हणजे किती घरं. त्या वाक्यावाचून सगळं चित्र मुकं.

नॉयराथ यांच्या गटात कामाची एक वेगळी जागाच होती. तज्ज्ञ आकडेवारी देत, गेर्ड आर्न्ट्‌झ यांच्यासारखे चित्रकार चिन्हं कोरत, आणि या दोघांच्या मध्ये मारी राइडेमायस्टर, पुढच्या मारी नॉयराथ, बसत. या आकड्यांतून लोकांना नेमकं काय कळायला हवं, काय गाळायचं, कशाशेजारी काय ठेवायचं, हे त्या ठरवत. आपल्याकडे लेखक मजकूर लिहून मोकळा होतो, चित्रकाराला शेवटी उरलेली जागा भरायला मिळते आणि हे मधलं काम कुणाचंच नसतं. चांगल्या आणि वाईट शैक्षणिक पुस्तकांत जो फरक दिसतो, तो बऱ्याचदा याच जागी पडलेला असतो.

चित्रही वाचावं लागतं

चित्र कुणालाही कळतं, असा एक समज आहे. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं नेपाळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीनं तो खोटा ठरवला. ज्यांचा छापील चित्रांशी संबंध आलेला नव्हता, त्यांना छटा दिलेली वास्तव चित्रं बरीच ओळखता आली, पण काड्यांची माणसं आणि संकेतचिन्हं फारशी ओळखता आली नाहीत. आरोग्याचा जो संदेश आखणाऱ्यांना उघड वाटत होता, तो एकट्या चित्रातून अनेकांपर्यंत पोचला नाही. फुली म्हणजे 'करू नका', बाण म्हणजे 'यानंतर हे', ही भाषा आपण शाळेत नकळत शिकलेलो असतो. मारी नॉयराथ यांनाही १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियासाठी काम करताना माणसांची, घरांची चिन्हं तिथल्या जीवनाप्रमाणे बदलावी लागली. म्हणून चित्र छापण्याआधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवावं आणि 'यात काय दिसतं?' असं विचारावं. 'समजलं का?' असं विचारलं तर कुणीही हो म्हणतो.

आणखी एक समज शाळांत फार पसरला आहे: काही मुलं 'बघून शिकणारी', काही 'ऐकून शिकणारी'. २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलांची अशी विभागणी करून शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. चित्र आणि शब्द यांची जोड सगळ्याच मुलांना हवी असते. कोणत्या मुलासाठी चित्र, यापेक्षा कोणत्या आशयासाठी चित्र, हे शिक्षकानं ठरवावं.

हातानं काढलेली आकृती

इथवर दुसऱ्यानं काढलेल्या चित्राचा विचार झाला. स्वतः काढलेलं चित्र त्याहूनही उपयोगी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना काही शब्दांची चित्रं काढायला आणि काही शब्द पुन्हापुन्हा लिहायला सांगितलं. चित्र काढलेले शब्द नंतर जास्त आठवले, आणि चित्र सुबक होतं की ओबडधोबड, याचा त्यावर फारसा परिणाम झाला नाही. काढताना वस्तूचा विचार करावा लागतो, कुठला भाग कुठे हे ठरवावं लागतं, हात चालतो आणि काढलेलं पुन्हा बघितलं जातं.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञान-विद्यार्थ्याला 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' हे शब्द पाठ असतात. चित्र आणि शब्द यांची जोड आपल्या परीक्षेत आहेच, फार जुनी आहे. पण बहुतेक वर्गांत ती पुस्तकातल्या आकृतीची नक्कल होऊन बसली आहे: पेन्सिलीला टोक, पट्टीनं आखलेल्या नावांच्या रेघा, आणि रक्त कुठून कुठे जातं याचा पत्ता नाही. शिक्षकानं छापील तक्ता टांगण्याऐवजी फळ्यावर बोलत बोलत आकृती काढावी: आधी उजवं अलिंद, मग उजवं निलय, मग फुफ्फुसांकडे जाणारी वाहिनी, आणि प्रत्येक रेघेबरोबर तिचं नाव व तिचं काम. मुलांनी वही मिटून तीच आकृती आठवून काढावी आणि मग पुस्तकाशी ताडून बघावी. परीक्षेत एक प्रश्न जोडावा: डाव्या अलिंद-निलयामधली झडप नीट मिटली नाही, तर रक्त कुठे जाईल ते आकृतीत बाणानं दाखवा आणि एका वाक्यात कारण लिहा. ज्या मुलाचा बाण डाव्या अलिंदाकडे परत वळेल, त्याची रेघ वाकडी असली तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत, कारण हृदय त्याला समजलं आहे.